मेतकुटाच्या डब्यातलं उणे व्होल्टेज

माझा गळा गेल्याची बातमी कलकत्त्यातल्या तमाम मराठी माणसांना एका संध्याकाळी कळली. मला मात्र ती दुसऱ्या दिवशी सकाळी कळली, तीही दारात ज्येष्ठमधाची पुडी घेऊन उभ्या राहिलेल्या एका बाईंकडून. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या आल्या, त्यांनी खडीसाखर आणली होती. तिसऱ्या तर बेहाल्याहून बस बदलत बालीगंजपर्यंत आल्या, अडुळशाचा काढा बरोबर घेऊन, आणि मी तो शेवटच्या घोटापर्यंत पिईस्तोवर समोरून हलल्या नाहीत. "होतं असं," माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "बाळंतपणानंतर जातो कधीकधी गळा." मला तोवर मूलबाळ झालं नव्हतं.

घडलं होतं ते एवढंच, की आदल्या संध्याकाळी मी मंडळाच्या गणपतीत गायले होते. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. आमच्या मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा आणि रोज संध्याकाळी काहीतरी कार्यक्रम असायचा. मंडळाच्या मालकीचा एक व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता. ट्रंकेएवढा, पण भरलेल्या ट्रंकेपेक्षा जड. त्याच्यावरची लोखंडी जाळी एका नाटकात तुरुंगाची खिडकी म्हणून वापरायला नेली ती परत आलीच नाही, त्यामुळे त्याचे काचेचे व्हॉल्व्ह सगळ्यांना उघडे दिसायचे. मी एक नाट्यपद म्हणत होते. खाली होते तोवर ठीक चाललं होतं. मग वरचा षड्ज लावला, आणि कर्ण्यातून वळणावर ट्राम किंचाळते तसा आवाज बाहेर पडला. मी घाबरून सूर सोडला. पुढे कसंबसं संपवलं. टाळ्या झाल्या, पण त्या आजारी माणसाला भेटायला गेल्यावर आपण जसं मोठ्याने हसतो तशा होत्या.

मी घरी येऊन तंबोऱ्यावर गवसणी चढवली ती चढवलीच. लोक काढे आणून देत होते त्याचा राग येत होता, पण त्याहून वाईट म्हणजे मला स्वतःलाच शंका यायला लागली होती. माहेरी असताना मी तासन्‌तास गायची. लग्न होऊन कलकत्त्याला आले, आणि रियाज कधी सुटला ते कळलंही नाही. गेलाच असेल गळा, कोणी सांगावं? स्वयंपाक करताना गुणगुणणंसुद्धा मी बंद केलं.

आमचे हे केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते आणि बदलीवर कलकत्त्याला आले होते. दिवसभर लोकांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन सोल्डरिंगची सळई तापवायची, हा ह्यांचा दिनक्रम. वीजशास्त्र हे मासिकं वाचून शिकले होते. घरात चालू रेडिओ एक होता आणि उघडलेले चार, आणि चालू असलेलाही ह्यांच्या मते अजून सुधारता येण्यासारखा होता. माझ्या गाण्याबद्दल लग्नाआधी ह्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "मला आवाजाची आवड आहे." वडील खूश झाले. ह्या वाक्याचा अर्थ शब्दशः तेवढाच आहे हे मला बालीगंजच्या फ्लॅटमध्ये आल्यावर समजलं. हे आवाज ऐकत. गाणं ऐकताना मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. कुठे मैफलीला गेलो तरी हे कर्ण्याकडे बघत बसत आणि मध्यंतरात मला सांगत की डाव्या बाजूला गुणगुण आहे.

तर काढ्याच्या त्या दिवसांत एकदा रात्री जेवताना हे म्हणाले, "तुझा काही दोष नाही."

मला भरून आलं. इतक्या दिवसांत कोणी हे म्हटलं नव्हतं.

"दोष कॅथोडचा आहे," हे म्हणाले.

मग भात संपेपर्यंत मला सगळं समजावून सांगण्यात आलं. व्हॉल्व्हमध्ये एक बारीक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. त्या जाळीवर थोडं उणे व्होल्टेज ठेवलं की व्हॉल्व्ह आवाक्यात राहतो, नाहीतर तो वाहवत जातो. दूध उतू जाऊ नये म्हणून आपण स्टोव्ह बारीक करतो ना, तसं. ह्या उणे व्होल्टेजला म्हणायचं बायस. आता मंडळाच्या अँप्लिफायरमध्ये हा बायस बिचाऱ्या व्हॉल्व्हने आपल्याच कॅथोडच्या जोरावर तयार करायचा अशी योजना होती. हळू गाणाऱ्यासाठी ती ठीक. कोणी जोर लावून वर गेलं की बायस सरकायचा, आणि मग ट्राम.

"म्हणजे मी जोर लावायचा नाही?" मी विचारलं.

"छे! तू हवा तेवढा लाव. आपण बाहेरून पक्का बायस पुरवू. स्वतंत्र. तू काहीही केलंस तरी तो जागचा हलणार नाही."

"आणि हे सगळं केल्याने माझा गळा ठीक आहे हे सिद्ध होईल?"

"अँप्लिफायर ठीक आहे हे सिद्ध होईल," हे म्हणाले आणि ताक मागितलं.

मंडळात ह्यावर सभा झाली. एका गटाचं म्हणणं, व्हॉल्व्हचा जमाना गेला, आता ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर घ्यावा. दुसऱ्या गटाचं म्हणणं, घ्यावा, पण आम्हाला विचारून घ्यावा. दोन्ही गट पहाटेपासून उपाशी असल्यासारखे तावातावाने बोलले आणि शेवटी चहा आल्यावर असं ठरलं की ह्यांना करायचंय तर करू द्यावं. अध्यक्ष डॉक्टर होते. त्यांचे आजोबा कधीकाळी कलकत्त्याला आले आणि तिथेच राहिले. डॉक्टरांचं मराठी घरात शिकलेलं आणि बाहेर बंगालीने मऊ झालेलं. मनाने फार चांगला माणूस. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, पुढच्या गणपतीत तुम्हीच गाणार. तुम्ही नाही गाणार तर मी पण अध्यक्ष नाही होणार." त्यांना अध्यक्षपद किती प्रिय आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे ह्या त्यागाचं मोल मला कळलं. मी म्हटलं, "अँप्लिफायर नीट झाला तर गाईन." म्हणजे माझं सगळं भवितव्य आता ह्यांच्या हातात आणि त्या ट्रंकेत होतं.

अँप्लिफायर टॅक्सीने घरी आला आणि माझ्या शिवणाच्या यंत्रावर विराजमान झाला. पावसाळा सुरू व्हायच्या बेतात असावा, कारण मी गॅलरीत पापड वाळत घातले होते, ते पुढे येणारच आहेत. हे शनिवारी चांदनी बाजारात जाऊन एक छोटा ट्रान्सफॉर्मर, डायोड, कंडेन्सर असं सामान घेऊन आले. हा सगळा संसार अँप्लिफायरच्या पोटात मांडायचा होता. पण पोटात जागा नव्हती.

"वेगळ्या डब्यात करतो," हे म्हणाले. "त्याची पिन वेगळी. काय बिघडलं?"

डबा शोधायला हे स्वयंपाकघरात गेले. माझ्या आईने पुण्याहून पाठवलेलं मेतकूट एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात होतं. कलकत्त्यात सगळं मिळतं, मेतकूट मिळत नाही. ते पुरवून पुरवून मी दिवाळीपर्यंत न्यायच्या बेतात होते. मी शेजारून परत आले तेव्हा मेतकूट वर्तमानपत्रावर ओतलेलं होतं, वर पंखा चालू होता, आणि हे डब्याला भोकं पाडत होते.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बरंचसं पिवळ्या धुळीत खोकत बोलले. हे मान खाली घालून ऐकत राहिले आणि माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "पत्रा फार छान आहे ह्याचा."

डब्यात सगळं जोडून झालं आणि पहिल्यांदा पिन घालायचा मुहूर्त आला. आता, ज्याने सगळा जन्म बाजारातल्या साध्या जोडण्या बघितल्या त्याच्या हाताला एक सवय असते: कंडेन्सरची अधिक बाजू वर, उणे बाजू पत्र्याला. पण इथे उणे व्होल्टेज तयार करायचं, म्हणजे सगळं उलटं. अधिक बाजू पत्र्याला यायला हवी. ही गोष्ट ह्यांनी मला तीन जेवणं समजावून सांगितली होती. मला तोंडपाठ होतं. पण सांगणाऱ्याच्या हाताने सवयीप्रमाणे केलं. पिन घातली, आम्ही दोघं कौतुकाने बघत उभे राहिलो, आणि कंडेन्सरचा बार उडाला.

त्या काळात कलकत्त्यात 'धडाम' असा आवाज झाला की माणसं कारण विचारत नसत, खिडक्या लावत. रस्त्यात बॉम्ब फुटणं कोणाला नवीन नव्हतं. आमच्या इमारतीच्या खिडक्या एकामागून एक धडाधड बंद झाल्या, कोपऱ्यावरच्या पानवाल्याने फळ्या ओढल्या, समोरचा रिक्षावाला रिक्षा सोडून बोळात शिरला. आमच्या खोलीत कंडेन्सरमधल्या कागदाचा पिंजलेला चुरा तरंगत होता आणि उघड्या दारातून गॅलरीतल्या माझ्या पापडांवर अलगद उतरत होता. हे भिंतीला टेकून उभे होते. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"अधिक पत्र्याला," मी म्हटलं.

"हो," हे म्हणाले.

खालच्या मजल्यावर एक वयस्क बंगाली बाई राहायच्या, त्यांना आम्ही माशिमा म्हणायचो. अर्ध्या तासाने त्या जिना चढून आल्या, आम्ही दोघं जिवंत आहोत हे हात लावून पाहिलं, आणि ह्यांच्यावर अशी नजर टाकली, जणू म्हणत होत्या की असा शांत दिसणारा सरकारी नोकर असल्या उद्योगात असेल असं वाटलं नव्हतं. मी त्यांना डबा दाखवला. त्यांना त्यातून मेतकुटाचा वास आला आणि त्यांचा संशय अधिकच वाढला.

नवा कंडेन्सर आला. ह्या वेळी अधिक बाजू कुठे लावायची ते मी शेजारी उभी राहून बोट दाखवून सांगितलं. ह्यांनी जुना कॅथोडचा मार्ग काढून टाकला आणि ग्रिडला डब्यातून तार आणली. आता सगळी मदार डब्यावर. "एक लक्षात ठेवायचं," हे मला पुन्हा पुन्हा बजावत. "आधी डब्याची पिन, मग मोठी. बंद करताना आधी मोठी. मोठी चालू असताना डबा कधीही बंद करायचा नाही. बायस गेला की व्हॉल्व्ह लालबुंद होतात आणि संपतात." डबा तापला की त्याच्यातून हिंग-मोहरीचा झणझणीत वास यायचा. पत्र्याच्या सांध्यांत राहिलेलं मेतकूट भाजलं जात होतं. बायस चालू आहे की नाही हे बघायला डब्यावर दिवा नव्हता, पण मला त्याची गरज भासली नाही. मला नाक होतं.

मग चाचणी. चाचणीला आवाज पाहिजे, आणि घरात आवाज माझा.

"सा लाव," हे म्हणाले. माझ्यासमोर मायक्रोफोन, ह्यांच्या एका हातात स्क्रूड्रायव्हर, डोळे मीटरच्या सुईवर. मी वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं. सा लावला तो दारामागे उभ्या राहिलेल्या माणसासारखा चोरटा आला. ह्यांना त्याचं काही नाही. "मोठा. अजून. सोडू नकोस." मी लावून धरायची, हे काहीतरी किंचित पिळायचे. मला दम लागायचा. "पुन्हा." ऑफिसातून आले की कपडे बदलायच्या आधी हे म्हणत, "सा." मी पोळ्या टाकून यायची, कणकेच्या हाताने सा लावायची. मग पंचम. मग वरचा सा. वरच्या षड्जाला ट्राम किंचाळली नाही. सुई जागची हलली नाही. ह्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता हे माझ्या गाण्याबद्दल काहीतरी बोलणार.

"गळती अजिबात नाही," हे म्हणाले. कंडेन्सरची.

असे किती दिवस गेले कोण जाणे. एकदा जिन्यात माशिमांनी मला अडवलं. "बौमा, रोज रोज शुधु एकटाइ शुर? गान कोबे होबे?" सूनबाई, रोज रोज एकच सूर, गाणं कधी? मी हसून वेळ मारून नेली, पण ते मनाला लागलं. त्याच संध्याकाळी सा लावून उभी होते. बाहेर पाऊस नुकताच थांबला होता, आवाज मोकळा लागला होता, आणि माझ्याही नकळत त्या वरच्या षड्जावरून मी खाली उतरले. त्या नाट्यपदाच्या अंतऱ्यात एक जागा आहे. वरून येताना निषादावर जराशी रेंगाळायची आणि मग हात सोडून दिल्यासारखी एकदम मध्यमावर यायची. माझ्या गुरूंनी ती महिनाभर घोटून घेतली होती. ती जागा आली, अगदी जशीच्या तशी आली. माझ्या अंगावर काटा आला. मला रडू येईल असं वाटलं.

"नको, नको," हे मीटरवरून मान न काढता म्हणाले. "सुई हलते."

मी मायक्रोफोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी पोळ्या कशा लाटल्या गेल्या असतील त्याची कल्पना करा. एवढं सगळं माझ्यासाठी चाललंय म्हणे! माझ्यासाठी मेतकूट गेलं, पापड गेले, शिवणयंत्र गेलं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं करायचं ते गाणं तेवढं नको, कारण सुई हलते. हे जेवायला आले, जेवले, आणि उठताना म्हणाले, "उद्या जरा षड्जावरच थांबशील का?" ह्या माणसाला आपलं गाणं एकदा, फक्त एकदा ऐकू यावं, एवढंच मला त्या क्षणी ह्या जगात हवं होतं. गळा ठीक असण्या-नसण्याचं दुःख त्यामागे पडलं.

गणपती आले. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी ह्यांनी मंडळातल्या झाडून सगळ्या कार्यकर्त्यांना उभं करून डब्याची पिन, मोठी पिन ह्यांवर व्याख्यान दिलं आणि प्रत्येकाकडून म्हणवून घेतलं. लोक आरती म्हणतात तसं ते म्हणत होते. एकटे अध्यक्ष तेव्हा तिथे नव्हते. ते गणपतीमागे फिरणारं विजेचं चक्र आणायला मुंबईला गेले होते. तसं चक्र कलकत्त्यात मिळेना, दुर्गेच्या मागे असलं काही फिरत नाही. आणि चक्राशिवाय गणपती म्हणजे डॉक्टरांच्या मते दाढी अर्धी केलेला माणूस. ते चक्र मांडीवर घेऊन आगगाडीने आले आणि ते लागल्यापासून त्यांचं दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी हॉल भरला. ज्येष्ठमध, खडीसाखर आणि अडुळसा पहिल्याच रांगेत शेजारी शेजारी बसले होते. माझ्या डाव्या हाताला, पोचेल एवढ्यावर अँप्लिफायर, कारण मायक्रोफोनची वायर आखूड. त्याच्या बाजूला डबा, दोन्ही पिना एका लाकडी बोर्डात. हे शेवटच्या रांगेमागे खांबाला टेकून उभे राहिले, आवाज कुठवर पोचतो ते बघायला. पहिलं भजन झालं. आवाज असा स्वच्छ बाहेर पडला की मी स्वतःच दचकले. उदबत्तीच्या वासात मेतकुटाचा वास मिसळलेला, पहिल्या रांगेतल्या बायका नाक उडवून एकमेकींकडे बघताहेत. मला धीर आला. मी नाट्यपद सुरू केलं.

आता पुढचं मला सगळं दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. गणपतीमागचं चक्र थांबलं. ज्या बोर्डात त्याची पिन होती त्यातून धूर यायला लागला म्हणून कोणीतरी ती काढली होती. अध्यक्ष चवड्यांवर चालत आले. चक्राची वायर ओढत ओढत त्यांनी माझ्या बाजूच्या बोर्डापर्यंत आणली. बोर्डात दोन पिना बघून ते थांबले. डॉक्टर माणूस, निदान केल्याशिवाय हात लावणार नाही. एक जाड वायर अँप्लिफायरला जाते. दुसरी बारीक, एका मेतकुटाच्या डब्याला. कोणीही शहाण्या माणसाने काढली असती तीच पिन त्यांनी काढली. मान कलती करून ऐकलं. गाणं चालूच होतं. त्यांनी चक्राची पिन घातली, चक्र गरगर फिरायला लागलं, आणि 'चालू द्या, चालू द्या' असा हात मला करून ते प्रसन्न मुद्रेने जागेवर जाऊन बसले.

थोड्याच वेळात व्हॉल्व्ह लाल व्हायला लागले. आधी पोटात एक ठिपका, मग वाढत वाढत कुंकवासारखे लालभडक. पहिल्या रांगेतून कौतुकाचा आवाज आला, "अगं बाई, ह्याच्यात रोषणाई पण आहे!" पोरं बघायला पुढे सरकली. आणि माझा आवाज घोगरा यायला लागला. पुढे अंतरा होता, वरचा सा होता. मला मागच्या वर्षीची ती ट्राम लांबून येताना ऐकू यायला लागली. ज्येष्ठमधाने खडीसाखरेकडे पाहिलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खांबाला टेकून, डोळे मिटून उभे. झोपले! बायकोच्या आयुष्याचं वाटोळं होतंय आणि हे उभ्याने झोपले! मी इतकी संतापले की भीती कुठल्या कुठे गेली. गाणं थांबवलं असतं तर दुसऱ्या दिवशी दारात पुन्हा काढा. न थांबवावं तर व्हॉल्व्ह जळणार. तबलजींनी समेला येण्याआधी एक छोटासा तुकडा घेतला. तेवढ्यात मी डावा हात लांब केला आणि अँप्लिफायरचं बटण बंद केलं.

कर्णा मेला. हॉल एकदम मोठा आणि रिकामा वाटला. नुसतं चक्र घर्रघर्र करत होतं. आणि त्यात मी सम घेतली.

माझा आवाज मला माझ्याच कानांनी ऐकू आला. तो चोरटा नव्हता. रोज ऑफिस सुटल्यावर, कणकेच्या हातांनी, सोडू नकोस, अजून मोठा, पुन्हा, असं म्हणत त्या माणसाने तो माझ्याकडून इतका घासून घेतला होता की तो हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत सरळ गेला आणि तिथून परत आला. मी वरचा सा लावला. लावला आणि धरला, मला कोण सोडायला सांगतंय! आणि मग ती जागा घेतली, निषादावर रेंगाळून मध्यमावर. कुठे सुई नव्हती, त्यामुळे कुठे काही हललं नाही. हललं असेल तर लोकांच्या माना.

टाळ्या झाल्या. ह्या वेळच्या टाळ्या आजाऱ्यासाठी नव्हत्या. अडुळशाच्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काढा लागू पडला!"

लोक पांगल्यावर हे गर्दीतून वाट काढत स्टेजपाशी आले. इतके आनंदात मी ह्यांना कधीच पाहिलं नव्हतं. डोळे ओले होते. म्हणजे झोपले नव्हते.

"ऐकलंस?" हे म्हणाले. "शेवटी शेवटी बायस कसा बसला बघ! मध्येच जरा खरखरला, मला वाटलं गेलं सगळं. आणि मग एकदम स्वच्छ! गुणगुण नाही, खरखर नाही. यंत्र आहे असं वाटतच नव्हतं गं. अगदी तू समोर बसून गातेयस असं वाटत होतं!"

"अहो," मी म्हटलं, "मी समोरच बसून गात होते."

ह्यांना कळलं नाही. मी बटणाकडे बोट दाखवलं. ह्यांनी बटण पाहिलं, व्हॉल्व्हवर बोट टेकवलं, आणि मग बोर्डाकडे पाहिलं. बोर्डातून वायर निघाली होती ती गणपतीमागे जात होती, आणि तिथे अध्यक्ष फिरत्या चक्राकडे डोळे भरून बघत उभे होते. डबा गार पडला होता. आता हे काहीतरी बोलणार, निदान डॉक्टरांना तरी, म्हणून मी वाट पाहिली. पण हे स्टेजच्या कडेवर, माझ्यासमोर बसले. चष्मा काढून पुसला.

"ती मधली जागा," हे म्हणाले. "वरून खाली येतेस ती. मी थांबवलं होतं तुला. ती पुन्हा म्हणशील?"

असल्या संधी रोज येत नाहीत.

"सुई हलेल," मी म्हटलं.

"हलू दे," हे म्हणाले.

लोक सतरंज्या गुंडाळत होते. मी तंबोरा पुन्हा मांडीवर घेतला.